तण, भाजी आणि नाव : परक्या रानवनस्पती आपल्या ताटात कशा आल्या

पावसाळा स्थिरावला की खानापूरच्या बाजूने बेळगावात येणाऱ्या बायकांच्या बुट्ट्यांत टाकळा, कुर्डू, माठ, अळू अशा पाल्याच्या जुड्या दिसू लागतात. गोव्याच्या बाजारांत याच सुमारास तायकिळ्याच्या जुड्या येतात. महाराष्ट्रात कृषी विभागाच्या वतीने ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात आणि वर्तमानपत्रांतून रानभाज्यांच्या पाककृती छापून येतात. या लिखाणात बहुधा एक गोष्ट गृहीत धरलेली असते. रानभाजी म्हणजे आपल्या मातीतली, मूळची, वाडवडिलांपासून खाल्ली जाणारी वनस्पती. वनस्पतिशास्त्रातील याद्या उघडल्या की हे गृहीत डळमळते. काटेमाठ, कुर्डू, विलायती चिंच, फड्या निवडुंग ही आपल्या परिचयाची झाडे तिथे परक्या वनस्पतींत सापडतात, आणि त्यांतील काहींपुढे ‘आक्रमक’ असा शेरा असतो.

मग या परक्या वनस्पती आपल्या ताटात आल्या कशा? बाहेरून आलेल्या शेकडो झाडांपैकी कोणाला आपण भाजी म्हटले, कोणाला तण म्हटले आणि कोणाला विष समजून दूर ठेवले, हा निवाडा कोणी केला आणि तो कुठे जपून ठेवला? या लेखात मला असे दाखवायचे आहे की हा निवाडा मुख्यतः भाषेत साठवलेला आहे. वनस्पतीच्या नावात, त्या नावामागच्या विशेषणात आणि स्वयंपाकघरातल्या क्रियापदांत तो आहे. म्हणून रानभाजीचा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या किंवा आहारशास्त्राच्या शिक्षकांइतकाच भाषेच्या शिक्षकांचाही आहे.

परके आणि आक्रमक

प्रथम दोन शब्दांतला फरक पाहू. जी वनस्पती एखाद्या प्रदेशात निसर्गतः उगवत नव्हती आणि माणसाच्या हातून, जाणूनबुजून किंवा नकळत, तिथे पोचली ती परकी. अशा परक्या वनस्पतींपैकी जी आपणहून पसरते, इतर झाडाझुडपांची जागा बळकावते आणि शेताला, कुरणाला, जंगलाला जड जाते ती आक्रमक. सगळ्या परक्या वनस्पती आक्रमक नसतात. काजू, अननस आणि बटाटा अमेरिका खंडातून आले. तिन्हींची नावे पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आली. उपवासाचा राजगिरा मूळचा अमेरिकेतला, रताळे अमेरिकेतले, शेंगदाणा तिकडचाच, आणि आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंदही तिकडचाच. एकादशीच्या ताटातून अमेरिका वजा केली तर वरीचे तांदूळ, केळे आणि दूध एवढेच उरेल. म्हणजे परकेपणा हा आपल्या स्वयंपाकघराला कधीच अडसर वाटलेला नाही.

दुसऱ्या टोकाला गाजर गवत, घाणेरी, रानमोडी आणि जलपर्णी आहेत. गाजर गवत पुण्याच्या परिसरात १९५५ च्या सुमारास प्रथम लक्षात आले आणि पुढे देशभर पसरले. पाने गाजराच्या पानांसारखी दिसतात म्हणून ते गाजर गवत. त्याला गाजर लागत नाही. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगावर पुरळ उठते आणि त्याचा कोणताही भाग खाण्याजोगा नाही. घाणेरीची पिकलेली काळी फळे मुले रानात खातात, परंतु तिची पाने खाल्ली तर जनावरांना विषबाधा होते. रानमोडीने कोकण-गोव्याचे उतार व्यापले, तर जलपर्णीने तळी आणि नद्या. ही झाडे ताटात येऊ शकत नाहीत.

या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात असलेल्या, म्हणजे परक्या, आपणहून पसरणाऱ्या आणि तरीही खाता येण्याजोग्या वनस्पती हा आपला विषय आहे. इथे चुकीला जागा कमी असते, कारण खाण्याजोगे झाड आणि घातक झाड पुष्कळदा एकाच बांधावर शेजारी शेजारी उगवतात.

नाव ठेवण्याची रीत

अनोळखी झाड समोर आले की भाषा सहसा नवा शब्द घडवत नाही. ती ओळखीच्या झाडाचे नाव घेते आणि त्याच्यामागे एक विशेषण लावते. निवडुंगाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आपल्याकडचा मूळचा निवडुंग म्हणजे तीनधारी किंवा वईचा निवडुंग. तो मोडला की पांढरा चीक येतो. हा चीक कातडीला भाजतो आणि डोळ्यांत गेला तर फार अपाय करतो. पुढे अमेरिकेतून दुसरेच काटेरी झाड आले. त्याच्या कुळाचा या निवडुंगाशी काही संबंध नाही, पण काटे आणि मांसल अंग पाहून लोकांनी त्यालाही निवडुंगच म्हटले. फरक दाखवण्यासाठी विशेषण जोडले : फड्या, म्हणजे नागाच्या फड्यासारखा. या फड्या निवडुंगाला पाण्यासारखा बुळबुळीत रस असतो, चीक नसतो; आणि त्याची लालभडक बोंडे खातात. बोंडावर अत्यंत बारीक काट्यांचे झुबके असतात आणि ते जिभेत रुतून बसतात. म्हणून बोंड जमिनीवर घासून किंवा जाळावर धरून काटे घालवायचे, मग सोलून आतला गर खायचा. ‘निवडुंगाचे फळ खातात’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. ‘फड्या’ हे विशेषण गाळले की माहितीचा धोका होतो.

अशीच रीत विलायती चिंचेत दिसते. मेक्सिकोतले हे झाड फिलिपाइन्सच्या वाटेने आशियात पसरले. शेंगा वळलेल्या आणि चिंचेसारख्या, म्हणून चिंच. बाहेरची, म्हणून विलायती. तिचा पांढरा-गुलाबी गर गोडसर, किंचित तुरट असतो आणि तो तसाच खाता येतो. याच रीतीने काटेमाठ हे नाव बनले. ते झाड उष्ण प्रदेशातील अमेरिकेचे, पण आपल्या माठाचे सख्खे भावंड. पानाच्या बगलेत काटे, म्हणून काटेमाठ. इथे नाव खरे बोलते : माठासारखाच शिजवा, पण काटे सांभाळा.

फिरंगी धोत्रा आणि मोगली एरंड ही नावे याच साच्यातली आहेत, पण त्यांचे फळ उलटे आहे. फिरंगी किंवा पिवळा धोत्रा हा मेक्सिकोचा. त्याचे बी मोहरीसारखे दिसते. त्याच्या तेलाची मोहरीच्या तेलात भेसळ झाली की अंगावर सूज येऊन हृदयापर्यंत जाणारा आजार होतो. १९९८ मध्ये दिल्लीत या भेसळीने अनेकांचे प्राण घेतले. मोगली एरंडाचे बी गोडसर लागते, आणि ते खाऊन मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या दर काही वर्षांनी येत असतात.

या उदाहरणांवरून एक नियम हाती लागतो. विलायती, फिरंगी, मोगली ही विशेषणे फक्त बाहेरून आल्याचे सांगतात. चिंच, धोत्रा, एरंड ही मूळ नावे फक्त साम्य सांगतात. खावे की खाऊ नये हे या दोहोंपैकी कशातच नाही. ते त्या नावाबरोबर तोंडी चालत आलेल्या माहितीत असते. ‘रान’ या शब्दाचेही तसेच आहे. रानभाजी म्हणताना ‘रान’ म्हणजे न पेरता उगवलेली, आणि ती खायची असते. पण रानकांदा, रानएरंड अशा नावांत ‘रान’ म्हणजे ‘आपला नेहमीचा नव्हे’ असा इशारा असतो. एकच शब्द एका ठिकाणी आमंत्रण देतो आणि दुसऱ्या ठिकाणी अडवतो. हा भेद घरात वाढलेल्या मुलाला न शिकवता कळत असे. आता तो शिकवावा लागेल.

टाकळा आणि रानटाकळा

हा इशारा जिवावर कसा बेततो ते टाकळ्याच्या उदाहरणावरून समजते. टाकळ्याचे शास्त्रीय नाव सेन्ना टोरा. पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेला, गायरानात, पडीक जमिनीत तो दाट उगवतो. जनावरे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून चराऊ रानात तो वाढतच जातो. भारतातील परक्या आक्रमक वनस्पतींच्या काही याद्यांत त्याचे मूळस्थान दक्षिण अमेरिका असे दिलेले असते. दुसरीकडे आयुर्वेदातील चक्रमर्द, प्रपुन्नाट, एडगज ही नावे टाकळ्याचीच, असे वैद्य परंपरेने मानतात. चक्रमर्द म्हणजे नायट्याची चकंदळे मोडणारा. एडगज हे नाव चरकसंहितेत येते, आणि ती संहिता कोलंबसाच्या कित्येक शतके आधीची आहे. त्यामुळे टाकळा परका की इथलाच, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. इथे भाषेचा अभ्यासक उपयोगी पडू शकतो. जुन्या ग्रंथातले नाव हा वनस्पतीच्या इतिहासाचा पुरावा असतो. मात्र ते नाव त्या काळी त्याच झाडाला होते, हे वेगळे सिद्ध करावे लागते. निवडुंगाच्या बाबतीत नाव जुने आणि झाड नवे होते, हे आपण नुकतेच पाहिले.

टाकळ्याची भाजी करायची ती कोवळ्या पानांची, फुले येण्यापूर्वी. जून पान उग्र आणि कडवट लागते. संध्याकाळी टाकळ्याची पाने मिटतात, म्हणून पाने सकाळी खुडलेली बरी. शेंडे खुडून, पाने निवडून, धुऊन बारीक चिरायची. तेलावर लसूण, हिरवी मिरची आणि भरपूर कांदा परतून त्यावर पाला घालायचा. पाणी घालायचे नाही. झाकण ठेवून वाफेवर शिजवायची आणि शेवटी ओले खोबरे पेरायचे. कोकणात तीत भिजवलेली डाळ घालतात, गोव्यात फणसाच्या आठळ्या ठेचून किंवा चिरून घालतात. टाकळा थोडा सारक आहे, म्हणून पहिल्यांदा खाणाऱ्याने बेताने खावा.

याच टाकळ्याच्या शेजारी त्याचा एक नातलग उगवतो : कासविंदा. शास्त्रीय नाव सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस, मूळ उष्ण प्रदेशातील अमेरिकेचे. मराठीत त्याला रानटाकळा असेही म्हणतात. दोघांची फुले पिवळी, दोघांना शेंगा, दोघे एकाच प्रकारच्या पडीक जमिनीत. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौर, सहारनपूर या भागांत वर्षानुवर्षे पावसाळा संपता संपता लहान मुले अचानक बेशुद्ध पडत आणि दगावत. हा मेंदूज्वर असल्याचे समजले जात होते. डॉ. विपिन वशिष्ठ, डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या शोधातून, मुलांनी कासविंद्याच्या शेंगांतील बिया खाल्ल्या होत्या हे पुढे आले. २००७ मध्ये हे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०१६ मध्ये ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात बालमृत्यू झाले, तेव्हाही तज्ज्ञांनी जपानी मेंदूज्वराबरोबर याच झाडाकडे बोट दाखवले. तिथे त्याचे नाव बण चाकुंडा. ओडियात चाकुंडा म्हणजे टाकळा आणि बण म्हणजे रान. मराठीने आणि ओडियाने एकमेकींना न विचारता एकच नाव ठेवले आणि एकच इशारा दिला.

दोन्ही झाडे ओळखणे अवघड नाही. टाकळ्याच्या एका पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि पर्णिकेचे टोक गोलसर, रुंद असते. कासविंद्याला बहुधा चार-पाच जोड्या असतात आणि पर्णिकेचे टोक निमुळते, अणकुचीदार असते. टाकळ्याची शेंग बारीक, लांब आणि विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी, फिकट कडांची. काही देशांत कासविंद्याचे बी खरपूस भाजून कॉफीऐवजी वापरले गेले आहे, त्यामुळे काही पुस्तकांत त्याची नोंद ‘खाद्य’ अशी आढळते. भाजणे हे क्रियापद त्या नोंदीतून गळले की ती नोंद मुलाच्या जिवावर उठू शकते. आपण मात्र भाजूनही त्याच्या वाटेला जाऊ नये. मुलांनी शेंगा तोडून खेळू नये, हे शाळेत सांगितले पाहिजे.

खुडणे, निवडणे, पाणी टाकणे

स्वयंपाकघरातली क्रियापदे ही अशी संक्षिप्त शास्त्रे आहेत. खुडणे म्हणजे नखाने मोडेल तेवढाच कोवळा भाग घेणे. जे नखाने मोडत नाही ते जून, आणि जून पाल्यात कडवटपणा आणि घशाला त्रास देणारे क्षार वाढलेले असतात. म्हणजे खुडणे हीच एक चाचणी आहे. विळीने किंवा सुरीने कापले तर ही चाचणी हुकते.

निवडणे म्हणजे जुडीत चुकून आलेले दुसरे पान बाजूला काढणे. घोळीच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे ठरते. घोळ जमिनीसरपट पसरते. देठ लालसर आणि मांसल, पाने लहान आणि गुळगुळीत. तिच्यासारखीच सरपटणारी, लालसर देठाची दुधीच्या जातीची रोपटी तिच्याजवळच उगवतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. देठ मोडून पाहावा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे. घोळीतून पाण्यासारखा रस येतो. घोळ आंबटसर असते. डाळीत किंवा ताकातल्या पातळ भाजीत छान लागते. पालेभाज्यांत क्वचित आढळणारे ओमेगा-३ जातीचे स्निग्धाम्ल तिच्यात चांगल्या प्रमाणात असते.

पाणी टाकणे हे तिसरे. काटेमाठ आणि घोळ यांत ऑक्झलेट नावाचे क्षार असतात. पाला उकळून ते पाणी टाकले तर त्यांचे प्रमाण कमी होते. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी या भाज्या टाळाव्यात किंवा वैद्याच्या सल्ल्याने खाव्यात. काटेमाठाचे शेंडे काटे टणक होण्याच्या आत खुडावेत आणि माठासारखीच लसणाची फोडणी देऊन भाजी करावी.

कुर्डूचा पालाही तुरा येण्यापूर्वीच घ्यावा. तो मऊ असतो, लवकर शिजतो आणि मूगडाळीबरोबर त्याची मोकळी भाजी होते. खरिपाच्या ज्वारीत, भुईमुगात कुर्डू माजला की शेतकरी हैराण होतो. परक्या वनस्पतींच्या अनेक याद्यांत कुर्डूचे मूळ उष्ण प्रदेशातील आफ्रिका असे दिले आहे. नैऋत्य नायजेरियात मात्र कुर्डू बी पेरून, वाफे करून पिकवतात आणि ती तिथली नेहमीची पालेभाजी आहे. एका देशाचे तण हे दुसऱ्या देशाचे पीक असते.

आपल्या भाषेतही हा फरक एका शेताच्या आत घडतो. आमच्या भागात पिकातले तण काढण्याला भांगलण म्हणतात. भांगलणीला गेलेल्या बायका उपटलेल्या तणातला कोवळा पाला वेगळा करून पदरात बांधून घरी आणत. पातीत असेपर्यंत ते तण आणि पदरात पडले की भाजी. भांगलणीची पात ही या ज्ञानाची शाळा होती. थोरली बाई पुढे, सून किंवा मुलगी मागे, आणि ‘हे घे, ते टाक’ एवढ्या दोन वाक्यांत धडा पुरा होई. ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचे काही चालत नाही, या नियमानेही वर्षातून एकदा तरी परसातला आणि रानातला पाला घरात येत असे.

शेजारच्या भाषांतली नावे

या वार्षिकाचे बरेच वाचक महाराष्ट्राबाहेर, दोन किंवा तीन भाषांच्या संगमावर राहतात. रानभाजीच्या बाबतीत ही अडचणही आहे आणि सोयही. अडचण अशी की घरातले मराठी नाव बाजारात चालत नाही. सोय अशी की शेजारच्या भाषेतले नाव कळले की झाड सापडते.

टाकळा विदर्भात तरोटा होतो, गोव्यात तायकिळा, कन्नडमध्ये तगचे, तेलुगूत तगिरिस, गुजरातीत कुवाडियो आणि हिंदीत चकवड किंवा पवाड. म्हणजे बेळगाव, हैदराबाद, बडोदे आणि इंदूर इथली मराठी माणसे एकाच झाडाच्या चार नावांमध्ये राहतात. विलायती चिंच कन्नडमध्ये सीमे हुणसे आणि तेलुगूत सीम चिंत. दोन्ही नावांचा अर्थ परदेशी चिंच असाच आहे. हिंदीत तिला जंगल जलेबी म्हणतात, गुजरातीत गोरस आमली. दक्षिणेच्या भाषांनी तिचे परकेपण लक्षात ठेवले, हिंदीने तिचा आकार पाहिला.

घोळीला कन्नडमध्ये गोणी सोप्पु, तेलंगणात गंगवायिली कूर, गुजरातीत लूणी आणि हिंदीत कुल्फा किंवा नोनिया म्हणतात. लूणी आणि नोनिया या नावांत तिची खारट-आंबट चव आहे. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र घोळ म्हटले की मासा डोळ्यांसमोर येतो, भाजी नव्हे. ग्वाल्हेरच्या मराठी घराला चाकवताची ताकातली भाजी करायची असेल तर हिवाळ्यात गव्हा-हरभऱ्याच्या शेतात उगवणारा बथुआ आणावा. बथुआ म्हणजेच चाकवत. बडोद्याच्या बाजारात तो चील या नावाने मिळतो.

कुर्डूचे उदाहरण तर हृद्य आहे. आपण जिला तण म्हणून उपटतो ती कुर्डू तेलंगणात गुनुगु. बतुकम्माच्या सणात फुलांचे जे थर रचतात त्यांत गुनुगुचे रुपेरी-गुलाबी तुरे असतात. हैदराबादच्या मराठी मुलीला बतुकम्माचे गुनुगु ओळखता येते. तेच आजीच्या बोलण्यातले कुर्डू, हे तिला कोणीतरी सांगायला हवे.

खाऊन तण संपेल का?

अलीकडे युरोप-अमेरिकेत आक्रमक वनस्पती आणि प्राणी खाऊन आटोक्यात आणावेत, असा एक विचार मांडला जातो. आपल्याकडेही तो अधूनमधून ऐकू येतो. तो आकर्षक असला तरी पालेभाज्यांच्या बाबतीत फारसा टिकत नाही. पहिले कारण बियांचे. माठाच्या कुळातले एक भरलेले झाड हजारोंनी बी टाकते आणि त्यातले बरेच मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. दुसरे कारण खुडण्याचे. शेंडा खुडला की काटेमाठाला खालून नव्या फांद्या फुटतात. म्हणजे खाणारा झाडाला दाट करतो. तण कमी करायचे असेल तर तुरा येण्याच्या आत ते मुळासकट उपटले पाहिजे. खुडणे हे भाजीचे क्रियापद आहे, उपटणे हे शेताचे. तिसरे कारण बाजाराचे. एखाद्या तणाला भाव मिळू लागला की लोक ते जपू लागतात आणि मग पेरूही लागतात.

इतिहासही हेच सांगतो. फड्या निवडुंगाची बोंडे लोक खात होते, पण त्याने निवडुंग कमी झाला नाही. त्याला आवर घातला तो एका किड्याने. रंगासाठी म्हणून १७९५ मध्ये भारतात आणलेल्या किरमिजी किड्याच्या एका जातीने निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. उरलेल्या दुसऱ्या जातीसाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून वेगळा किडा आणावा लागला.

म्हणून खाण्याने तणाचा बंदोबस्त होईल अशी आशा धरू नये. खाण्याचे मोल वेगळे आहे. पावसाळ्यात इतर भाज्या महाग असतात तेव्हा या भाज्या फुकट किंवा स्वस्तात मिळतात. आणि जे झाड आपण खातो ते आपण ओळखत राहतो. कासविंद्यापासून मुलाला वाचवणारी नजर ही टाकळा खुडून तयार झालेली असते.

पुढे काय करावे

भांगलणीची पात आता मोडत चालली आहे. मजुरी वाढली, माणसे मिळेनाशी झाली, आणि शेतकऱ्याने तणनाशकाचा पंप पाठीवर घेतला. त्याला दोष देता येणार नाही. पण फवारणीने एकाच वेळी तीन गोष्टी जातात : पाला जातो, उरलेला पाला खाण्यालायक राहत नाही, आणि ‘हे घे, ते टाक’ हे वाक्य बोलण्याचा प्रसंग जातो. आजच्या विद्यार्थ्याने रानभाजी गोळा करायची तर तणनाशक मारलेले शेत, सांडपाण्याचा नाला आणि वाहत्या रस्त्याची कड टाळावी. ज्या झाडाची पूर्ण खात्री नाही ते खाऊ नये. खात्री म्हणजे छायाचित्राशी मिळवून पाहणे नव्हे. ते झाड नेहमी खाणाऱ्या माणसाने हातात घेऊन दाखवले पाहिजे.

या ज्ञानाची लेखी बाजू दुबळी आहे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. तीत रानवनस्पतींची पुष्कळ नावे मिळतात, परंतु अनेक नावांपुढे ‘एक वनस्पती’ किंवा ‘एक पालेभाजी’ अशा अर्थाची त्रोटक नोंद आहे. डॉ. वामन गणेश देसाई यांच्या ‘ओषधिसंग्रहा’सारख्या ग्रंथांनी औषधी बाजू नोंदवली. खाण्याची बाजू बहुतांशी बायकांच्या तोंडीच राहिली. कोणता भाग, कोणत्या महिन्यात, कसा शिजवायचा आणि कोणाशी गल्लत होते, हे कोशात नाही.

हे काम शाळा-महाविद्यालयांच्या आवाक्यातले आहे. मराठीच्या विद्यार्थ्याने आपल्या घरातल्या किंवा गल्लीतल्या एका जाणत्या बाईकडून एका वनस्पतीची माहिती घ्यावी आणि वहीत सहा रकाने करावेत. पहिल्यात घरातले नाव, दुसऱ्यात शेजारच्या भाषेतले नाव, तिसऱ्यात शास्त्रीय नाव. चौथ्यात खाण्याचा भाग आणि महिना, पाचव्यात कृती, आणि ती सांगणाऱ्या बाईच्या क्रियापदांतच लिहिलेली. सहाव्यात ‘ही नव्हे’ : जिच्याशी गल्लत होते ती वनस्पती आणि ती वेगळी ओळखण्याची खूण. शास्त्रीय नावाचा रकाना वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांकडून तपासून घ्यावा. तो तपासल्याशिवाय वही छापू नये.

मला यांतला सहावा रकाना सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाककृतींची पुस्तके आणि महोत्सवांची पत्रके पहिले पाच रकाने कधी ना कधी भरतील. सहावा मात्र जिने आयुष्यभर पाला निवडला तिलाच सांगता येतो, आणि तो विचारण्यासाठी आपल्या हाती फार पावसाळे नाहीत.